मेकअपची आवड आहे, नोकरी सोडून हेच करू का? (मुंबई)

गिरणगावची_पोर

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय तर सांभाळून घ्या. वय ३१, राहायला लालबागला, नोकरी लोअर परळला एका इन्शुरन्स कंपनीच्या बॅक ऑफिसमध्ये, आठ वर्षं झाली, हातात ३४ हजार येतात. मेकअपची आवड शाळेपासूनची, म्हणजे चाळीतल्या पोरींना गणपतीतल्या कार्यक्रमाला तयार करायचं काम माझंच, मग मावसबहिणींची लग्नं, ऑफिसातल्या मैत्रिणींचे साखरपुडे, डोहाळजेवणं असं करत करत आता दोन सीझन झाले अनोळखी लोकांचे पण फोन येतात की अमकीने नंबर दिलाय, आमच्या मुलीचं करशील का. गेल्या वैशाखात चार नवऱ्या केल्या. नऊवारी, खोपा, मुंडावळ्या सगळं मीच. शेवटच्या मुलीची आई निघताना माझा हात धरून रडली, तो दिवस डोक्यातून जात नाही, सोमवारी ऑफिसात एक्सेल उघडून बसले तर काही दिसेचना.

आता अडचण अशी की एका अकॅडमीत चौकशी केली, तीन महिन्यांचा कोर्स, एक लाख साठ हजार, म्हणे सर्टिफिकेट इंटरनॅशनल आहे. आई म्हणते लागलेली नोकरी सोडायची नाही. नवरा म्हणतो तू ठरव. आणि मला स्वतःला पैशाचं काही कळत नाही, ओळखीच्यांकडून पैसे मागायला जीभ रेटत नाही, अजूनही बरेचदा द्याल ते द्या म्हणते. या लाइनमध्ये असलेल्यांनी खरं खरं सांगा.

काजळरेघ

अगं पोरी, डोंबिवलीला माझं पार्लर आहे, १४ वर्षं झाली, म्हणून हक्काने लिहिते. पहिलं, सर्टिफिकेटसाठी दीड लाख आत्ता घालू नकोस. मी सरकारी महिला आयटीआयमधून कॉस्मेटॉलॉजी केलंय, एक वर्षाचा ट्रेड, दहावीवर ॲडमिशन, फी किरकोळ, आणि तिथे वर्षभर एकमेकींच्या डोक्यावर आणि हातापायांवर इतकं काम झालं की तेवढं मला नंतर कुठल्याच सेमिनारला मिळालं नाही. तुझं वर्षाचं जमणार नाही हे समजतं. बाहेरच्या सर्टिफिकेटमध्ये सिडेस्कोला खरंच मान आहे, १९४६ पासूनची स्वित्झर्लंडची संस्था आहे ती, पण ते उगाच तीन महिन्यांत मिळत नाही, त्याला तास भरावे लागतात आणि परीक्षा असते. नुसतं इंटरनॅशनल म्हणलं की विचार, कोणाचं? आणि क्लासवाले मॉडेल देतात का आपणच आणायची, हातात रोज किती तास ब्रश येणार, एका बॅचला किती मुली, हे तिघी जुन्या विद्यार्थिनींना गाठून विचार. मला एका क्लासने पैसे भरल्यावर सांगितलं होतं की प्रॉडक्टचे वेगळे.

दुसरं म्हणजे तू नवरी करतेस पण थ्रेडिंग येतं का? वॅक्सिंग येतं का? हे विचारते कारण नवरी ही वर्षातून मोजक्या दिवशी असते आणि भुवया दर पंधरा दिवसांनी वाढतात. माझं लाइटबिल, जागेचं भाडं, दोन मुलींचे पगार हे सगळं आयब्रो, अपरलिप्स, वॅक्स, क्लीनअप यांच्यावर निघतं. आयब्रोचे मी ६० रुपये घेते, दिवसाला वीस-पंचवीस होतात. मला माझ्या बाईंनी सहा महिने दुसरं काही करू दिलं नव्हतं. आधी स्वतःच्या मांडीवर दोरा फिरवायचा, मग पोटरीवर, मग गड्डाभर केस असलेल्या शेजारणीच्या हातावर. दोरा नुसता ओढायचा नसतो, पीळ कुठे थांबतो ते बोटांना कळावं लागतं, पीळ भुवईच्या खालच्या कडेला टेकला आणि उजव्या हाताची बोटं उघडली की केस मुळापासून निघतो, आणि अंदाज एका केसाने चुकला तर ती बाई तीन आठवडे आरशात तुला आठवते. कातडी नीट ताणून धरली नसेल तर कापतं, पाणी येतं. आणि मी आता दोरा दातात नाही धरत, गळ्यात अडकवते, कोरोनानंतर बंदच केलं ते.

हात बसला की कुठेही पोट भरता येतं एवढं लक्षात ठेव.

हिशोबनीस

मी पार्लरमधला नाही, छोट्या व्यावसायिकांची खाती लिहितो, त्यात सात-आठ ब्यूटिशियन ताई आहेत. ताई तुम्ही म्हणता पैशाचं कळत नाही, तर बसून काढू. एका ब्राइडचे किती घेता आणि खर्च काय काय होतो ते इथे लिहा, काही लपवू नका.

गिरणगावची_पोर

लिहिते. शेवटच्या नवरीचे बारा हजार घेतले. केसांसाठी मैत्रीण होती तिला अडीच हजार, हाताखाली एक मुलगी तिला हजार, पहाटे साडेतीनची टॅक्सी जाऊन येऊन बाराशे, दादरच्या फुलबाजारातून गजरे आणि वेणी आदल्या रात्री आणली त्याचे सहाशे, प्रॉडक्ट किती वापरलं ते मोजलं नाही पण दीड हजार धरा, पापण्या, स्पंज, मस्काऱ्याच्या एकदाच वापरायच्या कांड्या वगैरे तीनशे.

हिशोबनीस

म्हणजे ७,१०० गेले, ४,९०० राहिले. आता तास. ट्रायलला तीन तास, लग्नाच्या दिवशी पहाटे साडेतीन ते दुपारी अडीच म्हणजे अकरा, ब्रश धुवून सुकवून किट लावायला दोन, एकूण सोळा. तासाला साधारण ३०६ रुपये. तुमच्या नोकरीचे ३४ हजार महिन्याच्या २६ दिवसांवर आणि रोज नऊ तासांवर वाटले तर तासाला १४५ च्या आसपास येतात. इथपर्यंत वाचून कोणीही म्हणेल सोडा नोकरी.

पण पुढे बघा. नोकरीचे वर्षाला ४ लाख ८ हजार होतात. ते फक्त नवऱ्यांवर काढायचे तर ८३-८४ नवऱ्या हव्यात. मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात, आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की आपल्यात लग्नं बंद, म्हणजे चार महिने मोकळे, त्यात पौषात बरेच जण थांबतात, आणि अधिक महिना आला तर त्या वर्षी अजून एक महिना गेला. शिवाय एका मुहूर्ताला तीन फोन येतात आणि तुम्ही एकाच हॉलवर असता. माझ्याकडच्या ज्या ताई फक्त ब्राइडल करतात त्यांच्या वर्षाला ३० च्या आत-बाहेर होतात. ३० गुणिले ४,९०० म्हणजे १ लाख ४७ हजार. तासाचा दर दुप्पट असून वर्षाची कमाई निम्म्याहून कमी, हे गणित कळलं नाही म्हणून दुसऱ्या वर्षी परत नोकरी शोधणाऱ्या मी पाहिल्यात. काजळरेघ ताई जे साध्या कामाचं म्हणतायत ते म्हणून सोन्यासारखं आहे.

जीएसटीची भीती बाळगू नका, सर्व्हिसला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर नोंदणी. २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्लरच्या सेवांवर १८ ऐवजी ५ टक्के झालाय, पण इनपुट क्रेडिट, म्हणजे सामान घेताना भरलेला जीएसटी वजा करणं, मिळत नाही. कर्ज लागलंच तर सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेच्या शिशू गटात ५० हजारांपर्यंत मिळतं, बँकेत विचारा. आणि द्याल ते द्या हे आजपासून बंद. ॲडव्हान्स घेतल्याशिवाय तारीख धरू नका.

परत_नोकरीत

वरचं परत नोकरी शोधणाऱ्या वाचलं आणि मीच ती असं वाटलं. मी दोन वर्षं पूर्णवेळ ब्राइडल केलं, ठाण्याला. काम आवडायचं, खूपच आवडायचं, पण मला दर लग्नाआधी आठवडाभर झोप लागायची नाही. एका मुलीच्या रिसेप्शनला मी घाईत ट्रायल न घेता फाउंडेशन एक शेड उजळ लावलं, तिची आई मागे उभी राहून अजून गोरी कर अजून गोरी कर म्हणत होती, मी पण ऐकलं. हॉलच्या पिवळ्या लाइटमध्ये ठीक दिसलं आणि फ्लॅशमध्ये चेहरा राखेसारखा आणि मान वेगळीच. ते अल्बम जन्मभर राहणार आहेत त्यांच्या घरी. तिने मला एका शब्दाने काही म्हणलं नाही, मला ते अजून लागतं.

आता नोकरी करते आणि वर्षाला पाच-सहाच नवऱ्या करते, आधी ट्रायल घेऊन, जबड्याच्या कडेला शेड लावून दिवसाच्या उजेडात खिडकीशी नेऊन बघते, मनगटावर कधीच नाही. कोणी गोरी कर म्हणलं तर सरळ सांगते की मी तुमच्या मुलीचा रंग बदलणार नाही. मला असं आवडतं. छंद ठेवण्यात कमीपणा आहे असं समजू नकोस गं.

रंगपट

मी सेटवर असते, मालिका आणि कधी फिल्म, त्या बाजूचं लिहिते कारण बऱ्याच मुलींना वाटतं मेकअप म्हणजे लग्नच.

मी या लाइनमध्ये आले तेव्हा मला हेअर करावं लागलं कारण बायकांना युनियनचं मेकअपचं कार्डच मिळत नव्हतं. पन्नासहून जास्त वर्षं तो नियम होता की मेकअप पुरुष करणार, बाई फक्त केस करणार. बाईने मेकअप करताना सापडलं तर दंड. चारू खुराना आणि त्यांच्याबरोबरच्या काही जणी सुप्रीम कोर्टात गेल्या, आणि १० नोव्हेंबर २०१४ ला कोर्टाने सांगितलं की बाई आहे म्हणून कार्ड नाकारता येणार नाही, पाच वर्षं महाराष्ट्रात राहिल्याची अट होती ती पण गेली. मी तेव्हा मढला शूटिंगवर होते, व्हॅनच्या पायरीवर बसून मोबाइलवर बातमी वाचली. इतकी वर्षं हिरॉइनच्या कपाळावर केस बसवताना बाजूला चाललेला बेस मी डोळ्यांनी शिकत होते. हे नव्या मुलींना माहीत असावं असं मला मनापासून वाटतं, आज तुम्ही ब्रश घेऊन व्हॅनमध्ये बिनधास्त चढता ते कोणीतरी भांडल्यामुळे.

काम कसं असतं तर शिफ्ट बारा तासांची, गोरेगावला फिल्मसिटी किंवा मढ किंवा नायगावला, कॉलटाइम सातचा असेल तर तू साडेसहाला किट मांडून तयार पाहिजेस. पैसे मालिकांमध्ये साधारण नव्वद दिवसांनी येतात म्हणून पहिले तीन महिने घरात पैसे असल्याशिवाय येऊ नका. इथे नवरीसारखं नटवणं नसतं, कंटिन्युइटी असते. मंगळवारी रडण्याचा सीन अर्धा झाला आणि उरलेला शुक्रवारी आहे तर टिकली त्याच जागी, काजळ तेवढंच पसरलेलं, घाम पण तसाच, त्यासाठी प्रत्येक सीनचे फोटो काढून ठेवायचे.

आणि मराठी माणसाने या कलेबद्दल मान ताठ ठेवून बोलावं. पंढरीदादा जूकर २०२० मध्ये गेले, विक्रम गायकवाड २०२५ च्या मे मध्ये गेले, मोठमोठे नट त्यांच्यासमोर खुर्चीत शांत बसायचे. आपल्या नाटकवाल्यांचा शब्दच बघा ना, रंगभूषा. नवीन मुलींनी प्रायोगिक नाटकाच्या ग्रुपमध्ये रंगभूषा करायला मागावी, पैसे मिळत नाहीत पण तिसऱ्या रांगेतून चेहरा कसा दिसतो ते तिथेच कळतं.

खुर्ची_नंबर_तीन

आमचं चिंचपोकळीला सलून, वडिलांपासूनचं, आरशाच्या वर सेना महाराजांचा फोटो. ताई आपण शेजारीच. सगळं बरोबर लिहिलंय वर, मी एवढंच सांगतो की कुठे काम धरलंत तर पगार की कमिशन ते आधी बोला. आमच्याकडे कारागीर फिफ्टी-फिफ्टीवर असतो, त्याने हजाराचं काम केलं तर पाचशे त्याचे, ब्लेड, क्रीम, टॉवेल मालकाचं. लेडीज पार्लरमध्ये मुलींना महिन्यावर ठेवतात आणि सुट्टीचे पैसे कापतात असं ऐकतो. लेखी काही नसतं, मग शेवटच्या महिन्याचा पगार अडकतो, माझ्या भाचीचा अडकलाय.

किटचं सामान क्रॉफर्ड मार्केटला होलसेलमध्ये घ्या पण तारीख बघून आणि बिल घेऊन. स्वस्तात मोठ्या ब्रँडचं मिळालं तर ते त्या ब्रँडचं नसतं. माणसाच्या तोंडाला लावायचं आहे.

ओपीडी_सहावा_मजला

शेवटच्या वाक्यासाठी खुर्ची नंबर तीन यांना नमस्कार. मी स्किन ओपीडीत सिस्टर आहे आणि आमच्याकडे पार्लरमधून आलेले पेशंट रोज असतात म्हणून जरा मोठं लिहिणार आहे.

हेअर डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं, काळ्या मेहंदीत पण. ज्याला त्याची ॲलर्जी आहे त्याचं डोकं, कपाळ, डोळे असे सुजतात की ओळखू येत नाही. कानामागे थोडंसं लावून ४८ तास थांबायचं हे पाकिटावर लिहिलेलं असतं आणि कोणी करत नाही, क्लायंटला घाई असते आणि पार्लरला ती दुसरीकडे जाईल ही भीती असते. गेल्या वर्षी आधी चार वेळा तोच डाय लावलेल्या बाई आल्या होत्या, पाचव्या वेळी सुजल्या. ॲलर्जी नंतरही येते, म्हणून मागच्या वेळी काही झालं नाही हे उत्तर चालत नाही.

केस सरळ करायच्या ट्रीटमेंटमध्ये बऱ्याच वेळा फॉर्मल्डिहाइड सुटतं, बाटलीवर तो शब्द नसला तरी गरम इस्त्री फिरली की वायू होऊन बाहेर येतं. डोळे चुरचुरणं, घसा धरणं त्यानेच. क्लायंट वर्षातून एकदा करते, पण पार्लरमधली मुलगी बंद एसीच्या खोलीत आठवड्यातून पाच वेळा तो धूर घेते. खिडकी उघडी ठेवा, एक्झॉस्ट लावा, दिवसाला किती घ्यायच्या त्याला मर्यादा ठेवा.

यूव्हीचा निळा डबा म्हणजे निर्जंतुक झालं असं नाही. आधी साबणाने धुवायचं, मग जंतुनाशकात बुडवायचं, डबा फक्त स्वच्छ ठेवलेलं स्वच्छ राहावं म्हणून. ब्लेड एकदाच. आणि या लाइनमध्ये येणाऱ्या प्रत्येकीने हेपटायटिस बी चे डोस घ्या.

सगळ्यात कळकळीचं म्हणजे गोरं करणाऱ्या डबीबंद क्रीम. लेबल नसलेली, पार्लरमध्येच मिळणारी. काहींत स्टेरॉइड असतं, पंधरा दिवस चेहरा चकाकतो, थांबवलं की लाल होतो, पुरळ येतं, बारीक लव वाढते, मग पोरी घाबरून परत तेच लावतात. काहींत पारा. २०२३ मध्ये बातमी आली होती, अकोल्याच्या एकाच घरातल्या तिघींची किडनी बिघडली आणि केईएमला तपासणीत त्यांच्या क्रीममध्ये पारा निघाला. ती क्रीम ओळखीच्या ब्यूटिशियनने दिली होती. पोरींनो, तुम्ही दिलेलं लोक डोळे मिटून लावतात. आत काय आहे ते वाचता येत नसेल तर देऊ नका.

उटण्यावाली

मग माझा प्रश्न इथेच विचारते. मी दिवाळीला घरी उटणं करते आणि आता लिप बाम, साबण पण सुरू केलेत, सोसायटीत खूप खपतात, ऑनलाइन विकू का?

ओपीडी_सहावा_मजला

स्वतःसाठी आणि घरच्यांसाठी कर. विकायला करायचं झालं तर १९४० च्या औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायद्याखाली आणि २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे उत्पादनाचं लायसन्स लागतं, आपल्याकडे ते एफडीए म्हणजे अन्न व औषध प्रशासन देतं, स्वयंपाकघरातून चालत नाही, जागेच्या अटी आहेत. ज्यांच्याकडे लायसन्स आहे अशा कारखान्यातून करून घेऊन आपल्या नावाने विकणाऱ्या पण आहेत, ते चौकशी करून बघ. आणि साबणात कॉस्टिक वापरतेस ना, तर चष्मा आणि हातमोजे घालच.

उटण्यावाली

बरं झालं विचारलं, स्टॉल बुक करणार होते. आधी एफडीएत जाऊन येते.

गिरणगावची_पोर

तीन दिवस हेच वाचतेय, लोकलमध्ये पण. काल रात्री हिशोबनीस दादांच्या पद्धतीने चारही नवऱ्यांचा हिशोब वहीत मांडला. एका नवरीत, म्हणजे माझ्या आतेबहिणीच्या नणंदेत, मी खिशातले सातशे घातलेत. तिला मी पाच हजार सांगितले होते आणि त्यात तिच्या आईचा, दोन काकूंचा आणि करवलीचा पण मेकअप झाला, नाही म्हणता आलं नाही. नवऱ्याला वही दाखवली तर तो म्हणाला तू हे करताना खूश होतीस म्हणून मी कधी विचारलं नाही. आईला दाखवली नाही.

तर नोकरी आत्ता सोडत नाही. अकॅडमीत पण पैसे भरत नाही, सीट ब्लॉक करायला दहा हजार द्या म्हणून रोज फोन येतोय त्यांचा, आज नको सांगितलं. रेट लिहून काढला, पंधरा हजार, ट्रायल वेगळी, बाकीच्या बायकांचे माणशी वेगळे, निम्मे आधी. आज एका फोनला हे बोलून पण टाकलं, हात थरथरत होते, त्या बाई म्हणाल्या ठीक आहे कळवते. कळवतील की नाही माहीत नाही.

काजळरेघ ताई, एक विचारायचं होतं. तुम्ही म्हणलात तसं सहा महिने थ्रेडिंगपासून शिकायचं तर शनिवार-रविवार मी तुमच्याकडे येऊ का? पैसे नको मला. करी रोडवरून दादर आणि तिथून फास्ट पकडली तर दहाच्या आत पोचेन.

काजळरेघ

ये की. पण पैसे नको हे माझ्याकडे चालत नाही, वर काय वाचलंस मग? पहिला महिना जेवण आणि गाडीभाडं देईन, हात बसला की कामाप्रमाणे, ते पहिल्याच दिवशी कागदावर लिहू. शनिवारी गर्दी असते, रविवारी सकाळी पण, तू आधी फक्त बाजूला उभी राहून बघायचंस आणि खुर्ची पुसायची.

नखं कापून ये, अंगठी काढून ठेव, केस घट्ट बांध. दोरा इथे आहे. पूर्वेला उतर, जिना उतरलीस की फोन कर, मुलीला पाठवते.